समलैंगिकता आणि शास्त्राचा अधिकार: अभ्यासवर्गात हे उतारे कसे घ्यावेत?

प्रश्न: सोलापूरकर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

प्रौढांच्या बायबल अभ्यासवर्गात पुढच्या महिन्यात चार रविवार समलैंगिकता हा विषय घ्यायचा ठरला आहे. दर वेळी दीड तास. पंधरा-सोळा जण असतात: निम्मे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), काही मेथॉडिस्ट, दोन कुटुंबं कॅथलिक.

विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. "शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, चर्चा कसली करायची?" आणि "ते त्या काळचं, आता लागू नाही." दोन्ही वाक्यांनी बायबल उघडायच्या आधीच मिटतं. म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारतो.

कोणते उतारे घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने? "१९४६ साली बायबलमध्ये समलिंगी हा शब्द चुकून घुसवला" असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यात तथ्य किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एखाद्याने या उताऱ्यांचा वेगळा अर्थ लावला तर त्याने शास्त्राचा अधिकार नाकारला असं होतं का?

उत्तर: मूळभाषा

१९४६ पासून सुरुवात करतो, कारण त्या निरोपात अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच वर्गात गोंधळ होईल.

खरं ते असं. १ करिंथ ६:९ मध्ये प्रेषित पौलाने, देवाच्या राज्यात कोण जाणार नाही त्या यादीत, एकापाठोपाठ दोन ग्रीक शब्द लिहिले आहेत, 'मलाकोइ' आणि 'आर्सेनोकोइताय'. १९४६ च्या एका इंग्रजी भाषांतराने दोन्ही मिळून एकच शब्द घातला, 'होमोसेक्शुअल्स'. हा शब्दच मुळी १८६९ साली जर्मन भाषेत पहिल्यांदा छापला गेला आणि आज तो माणसाचा कल सांगतो. पौलाचे शब्द पुरुषांच्या कृतीबद्दल आहेत. त्यामुळे त्या भाषांतराप्रमाणे नुसता कल असलेला, आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळणारा माणूसही देवाच्या राज्याबाहेर गेला. ही गंभीर चूक होती. १९७१ च्या आवृत्तीत तो शब्द बदलला, पण दोन शब्दांचा एक करणं तसंच राहिलं.

खोटं ते असं, की त्याआधी तिथे या अर्थाचं काही नव्हतंच. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तिथे 'बायकी पुरुष' आणि 'पुरुषांशी गैरवर्तन करणारे' अशा अर्थाचे दोन वेगळे शब्द आहेत. लूथरच्या जर्मनमध्ये आर्सेनोकोइतायसाठी 'मुलांना भ्रष्ट करणारे' असा शब्द आहे. लेवीय आणि रोमकरांस पत्र यांतले समलिंगी संबंधांविरुद्धचे उतारे तर १९४६ शी काही संबंध नसताना जागच्या जागी आहेतच.

आता ते दोन शब्द. मलाकोस म्हणजे मऊ. मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यात राहणाऱ्यांची मऊ, तलम वस्त्रं आहेत, तिथे हाच शब्द आहे. माणसाला लावला की ग्रीक लेखक त्यातून बायकी, चैनी, शिस्त नसलेला असे अनेक अर्थ काढत, त्यात समलिंगी संबंधात निष्क्रिय भूमिका घेणारा पुरुषही येई. एकट्या या शब्दावर फार मोठी इमारत उभी करू नये.

आर्सेनोकोइताय हा जोडशब्द आहे, आर्सेन म्हणजे नर आणि कोइते म्हणजे अंथरूण. पौलाच्या आधी तो कुठेही सापडत नाही. पण जुन्या कराराचं ग्रीक सप्तती भाषांतर उघडून लेवीय २०:१३ वाचा. तिथे 'आर्सेनोस कोइतेन' हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसले आहेत. डेव्हिड राइट या अभ्यासकाने १९८४ मध्ये हे पुराव्यानिशी मांडलं. पौल ग्रीक शास्त्र तोंडपाठ असल्यासारखं वापरतो, तेव्हा शब्द तिथूनच जुळला असावा हे मला सर्वांत सयुक्तिक वाटतं. विरुद्ध बाजूला डेल मार्टिन यांनी दाखवलं की नंतरच्या काही ग्रंथांत हा शब्द चोरी, लुबाडणूक अशा पापांच्या यादीत येतो, म्हणून त्यात पैशाचं शोषण असावं. रॉबिन स्क्रॉग्ज यांनी १९८३ मध्ये म्हटलं की पौलासमोर प्रौढ पुरुष आणि किशोर मुलगा हाच प्रकार होता. १ तीमथ्य १:१० मध्ये हाच शब्द 'माणसं पळवून गुलाम करणारे' याच्या लगेच आधी येतो, त्याचाही आधार काही जण घेतात.

वर्गात करायचं काम सोपं आहे. प्रत्येकाने स्वतःची मराठी प्रत उघडावी आणि ६:९ मोठ्याने वाचावं. बायबल सोसायटीची जुनी प्रत, सोपं भाषांतर, मोबाइलमधलं भाषांतर, कॅथलिक प्रत, असं जे जे असेल ते. दोन शब्द आहेत की एक, कल सांगितलाय की कृती, तळटीप आहे का, एवढं फळ्यावर लिहा. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने मराठी बायबल केलं. भाषांतर करणाऱ्याला शब्दाशब्दापाशी थांबून एक अर्थ निवडावाच लागतो, हे त्या फळ्यावर दहा मिनिटांत दिसतं.

क्रमाबद्दल. उत्पत्ती १९ ने, म्हणजे सदोम नगराच्या कथेने, सुरुवात करू नका. सदोमात घडू पाहिलं तो पाहुण्यांवरचा सामूहिक बलात्कार. शास्ते १९ मध्ये गिबा इथे जवळजवळ तीच कथा एका स्त्रीच्या वाट्याला येते आणि ती मरते. यहेज्केल १६:४९ सदोमाचा दोष सांगतं तो गर्व, भरपेट अन्न आणि गरिबाला हात न देणं. पुढच्याच वचनात 'अमंगळ' कृत्याचा उल्लेख आहे आणि यहूदा ७ मध्ये 'परक्या देहा'चा, म्हणून पारंपरिक बाजू हा उतारा पूर्णपणे सोडत नाही. तरी आजच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळत नाही, हे दोन्हीकडचे बरेच अभ्यासक मान्य करतात. वीस मिनिटं पुरेत.

लेवीय १८:२२ आणि २०:१३ (पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवण्याची मनाई) यांसाठी अर्धा तास. रोम १:१८ ते २:१ साठी मात्र पूर्ण सत्र ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लोक समलिंगी संबंधांचा उल्लेख असलेली फक्त २६-२७ ही वचनं वाचतात. स्त्रियांचा उल्लेख असलेला हा एकमेव उतारा आहे. पौल इथे 'स्त्रिया-पुरुष' यासाठीचे नेहमीचे शब्द न घेता 'मादी' आणि 'नर' हे शब्द घेतो, म्हणजे ग्रीक उत्पत्ती १:२७ मधलेच. निर्मितीची कथा त्याच्या मनात आहे, हे नाकारता येत नाही. 'सृष्टिक्रमाविरुद्ध' यासाठी त्याचे शब्द आहेत 'पारा फ्युसिन'. आणि याच पत्रात ११:२४ मध्ये देव परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, रानटी जैतुनाच्या फांदीसारखं कलम करतो, तेही 'पारा फ्युसिन'च. हे दोन संदर्भ शेजारी ठेवून वाचा. मग २:१ वाचा, जिथे पौल अचानक वळून दुसऱ्याला दोष लावणाऱ्या वाचकालाच पकडतो. २:१ न वाचता १:२७ वर थांबणं म्हणजे पौलाचं वाक्य मध्येच तोडणं.

उत्तर: नगरकर

मूळभाषा यांनी शब्दांचं नीट सांगितलं. मी पारंपरिक भूमिका मानतो आणि ती वर्गात कशी मांडली जावी ते सांगतो, कारण बहुतेक वेळा ती तिच्या सर्वांत कमकुवत रूपात मांडली जाते.

कमकुवत रूप म्हणजे लेवीयाचं एक वचन फेकणं. समोरचा लगेच विचारतो, लेवीय १९:१९ मध्ये दोन धाग्यांचं कापड वर्ज्य आहे, तुमचा शर्ट टेरिकॉटचा कसा? २०:१३ मध्ये मृत्युदंड आहे, तो तुम्ही मागता का? या प्रश्नांना उत्तर तयार नसेल तर लेवीयाला हात लावू नये. मंडळीने, म्हणजे चर्चने, फार पूर्वीपासून मोशेच्या नियमशास्त्रात नैतिक, विधीचे आणि राज्यकारभाराचे असे भाग केले. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसने ते सविस्तर मांडले, इंग्लंडच्या चर्चच्या श्रद्धा सांगणाऱ्या अँग्लिकन ३९ कलमांतल्या सातव्या कलमात तेच आहे. पण लेवीयात या भागांवर खुणा करून ठेवलेल्या नाहीत. कोणता नियम कोणत्या भागात, हे नव्या करारावरून ठरवावं लागतं. अन्नाचे नियम प्रेषितांची कृत्ये १० मध्ये उठतात, सुंता गलतीकरांत उठते, शिक्षा मंडळीच्या हाती राहत नाही. लैंगिक नियम मात्र नवा करार उठवत नाही, पुन्हा सांगतो. पारंपरिक युक्तिवाद असा चालतो.

आणि त्याचा पाया लेवीयात नाहीच, तो मत्तय १९:४-६ मध्ये आहे. येशूला विचारलं घटस्फोटाबद्दल. तो उत्पत्ती १:२७ आणि २:२४ ही दोन वचनं जोडतो, "नर व नारी" आणि "दोघे एकदेह", आणि त्यावर लग्नाचा अर्थ उभा करतो. विवाह म्हणजे काय हे आधी ठरतं, मनाई मागाहून येते. वर्गात हा क्रम उलटा झाला की सगळी भूमिका तिरस्कारासारखी ऐकू येते.

इथेच पारंपरिक बाजूने स्वतःला एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. येशू ज्या विषयावर थेट बोलला तो घटस्फोट. आज बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या घटस्फोटितांचं पुन्हा लग्न लावतात. तिथे सवलत आणि इथे पूर्ण मनाई, याचं कारण सांगता आलं पाहिजे. एक उत्तर असं दिलं जातं की मत्तय १९:९ आणि १ करिंथ ७:१५ मध्ये शास्त्र स्वतःच अपवाद देतं आणि समलिंगी संबंधाबाबत तसा अपवाद कुठेही नाही. हे उत्तर वजनदार आहे. पण ज्या मंडळ्या त्या दोन अपवादांपलीकडेही पुनर्विवाह लावतात, त्यांना ते वापरता येत नाही.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगतो. कल आणि कृती वेगळे ठेवा. "प्रार्थनेने बरा होशील" असं आश्वासन कुणालाही देऊ नका. असं 'बरं' करू पाहणारी सर्वांत मोठी ख्रिस्ती संघटना, एक्सोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे 'उपचार' हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पारंपरिक भूमिका जे मागते ते ब्रह्मचर्य आहे आणि ते जड ओझं आहे. मागणाऱ्या मंडळीत त्या माणसाला सणाच्या जेवणाला कुणाचं घर आहे, आजारपणात कोण येतं, म्हातारपणी कोण बघतं, याचं उत्तर नसेल तर दुसऱ्याच्या खांद्यावर जड ओझी लादणाऱ्यांबद्दलचं मत्तय २३:४ आपल्यालाच लागू होतं.

उत्तर: वचनवाचक

सोलापूरकर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच सत्रात शोधा, आणि त्या सत्रात समलैंगिकतेचा एकही उतारा घेऊ नका. अधिकार म्हणजे काय हे आधी वेगळ्या विषयावर तपासलं नाही, तर प्रत्येक जण आधी निष्कर्ष ठरवतो आणि त्याला सोयीची अधिकाराची व्याख्या मागून शोधतो.

प्रेषितांची कृत्ये १५:२८-२९ घ्या. यरुशलेमात भरलेल्या प्रेषितांच्या सभेचा निर्णय, "पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले" अशा शब्दांत. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर चारच बंधनं: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरवून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म. आता विचारा, आपल्यापैकी कोण रक्ती (शिजवलेलं रक्त) खातो? शेजारच्यांनी दिलेला प्रसाद कोण घेतो आणि कोण नाही? तुमच्या वर्गात दोन्ही प्रकारचे लोक बसलेले असतील. मग विचारा, एकाच वाक्यातली चौथी गोष्ट सगळे पाळतात आणि दुसरी कित्येक जण पाळत नाहीत, हे कोणत्या नियमाने? पाश्चात्त्य मंडळीने याचं उत्तर खरोखर दिलेलं आहे. प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनने म्हटलं की ती मनाई यहूदी आणि परराष्ट्रीय एकत्र बसू लागले त्या काळापुरती होती. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने तेच नोंदवलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या नियमांत मात्र रक्ताची मनाई अजून आहे.

त्याच सत्रात १ करिंथ ११ घ्या. तिथल्या सांगण्याप्रमाणे प्रार्थनेला आपल्याकडे बायका डोक्यावर पदर घेतात. त्याच अध्यायात १४ व्या वचनात पुरुषाने लांब केस ठेवू नयेत आणि 'निसर्गच' हे शिकवतो असं पौल म्हणतो. 'फ्युसिस' हाच शब्द, जो रोम १ मध्ये आहे.

कागदावर चार रकाने करा. वचन काय म्हणतं. कुणाला आणि का म्हणतं. बायबल पुढे स्वतः त्यात बदल करतं का. आपण आज ते पाळतो का, आणि ज्या कारणाने पाळतो किंवा सोडतो ते कारण. शेवटचा रकाना भरताना "आपली पद्धत आहे" हे कारण चालणार नाही असं सुरुवातीलाच सांगा. रक्त, पदर, गुलामगिरी (इफिस ६:५), व्याज, घटस्फोट, एवढे पाच विषय पुरतात. हा कागद जपून ठेवा. तिसऱ्या सत्रात वर आलेल्या सहा उताऱ्यांना (उत्पत्ती १९, लेवीयातली दोन वचनं, रोम १, १ करिंथ ६, १ तीमथ्य १) हीच कारणं लावायची. तिथे कारण बदललं तर तो बदल फळ्यावर दिसला पाहिजे. वर्ग फिसकटतो तो इथेच: रक्ताला एक माप, गुलामगिरीला दुसरं, आणि समलैंगिकतेला तिसरं.

मी स्वीकाराच्या बाजूची आहे. त्या बाजूचा प्रामाणिक युक्तिवाद "बायबल याला विरोध करतच नाही" हा नव्हे, असं मला वाटतं. विल्यम लोडर यांनी त्या काळच्या यहूदी आणि ख्रिस्ती लेखनावर आयुष्य घातलं. ते समलिंगी जोडप्यांच्या पूर्ण स्वीकाराच्या बाजूचे आहेत, तरी पौलाने असे सर्वच संबंध चूक मानले असं ते स्वच्छ सांगतात. ल्यूक टिमथी जॉन्सन यांनी २००७ मध्ये लिहिलं की इथे आपण शास्त्राच्या सरळ आज्ञेपासून दूर जातो आहोत हे मान्य करावं आणि देव लोकांच्या जीवनात काय करतो आहे त्या साक्षीचा आधार उघडपणे घ्यावा. त्यांचा शास्त्रातला नमुना कृत्ये १० ते १५: सुंतेची आज्ञा उत्पत्ती १७ मध्ये 'सर्वकाळचा करार' म्हणून दिलेली होती, पण प्रेषित पेत्राने परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा उतरलेला पाहिला आणि मंडळीने शास्त्र पुन्हा वाचलं. षंढांचंही तसंच. अनुवाद २३:१ त्यांना मंडळीबाहेर ठेवतं, यशया ५६ आत घेतं, कृत्ये ८ मध्ये फिलिप्प एकाला बाप्तिस्मा देतो.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: वेगळा अर्थ लावणाऱ्याने अधिकार नाकारला असं आपोआप होत नाही. पण शास्त्रात स्वतःला पटेल तेवढंच आहे असं भासवणाऱ्याने तो नक्की हलका केला, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

या युक्तिवादातली फट मीच सांगते. सुंतेचा प्रश्न यरुशलेमात सुटला, पण त्याच सभेच्या निर्णयात जारकर्माची मनाई कायम राहिली. पारंपरिक बाजू नेमकं तिथे बोट ठेवते. आणि गुलामगिरीची तुलना जपून करा. विल्यम वेब यांनी २००१ मध्ये दाखवलं की गुलाम आणि स्त्रिया यांच्याबाबत बायबलच्या आतच मोकळेपणाकडे जाणारा ओघ दिसतो, समलिंगी संबंधांबाबत तसा ओघ नाही. याला उत्तर द्यायचं तर अभ्यास करून द्यावं लागतं, "प्रेम महत्त्वाचं" एवढं म्हणून भागत नाही.

रिचर्ड हेज यांचं उदाहरण चौथ्या सत्रात घ्या. १९९६ मध्ये त्यांनी पारंपरिक भूमिका इतकी नीट मांडली की पुढे अनेक वर्षं तिचाच आधार घेतला गेला. २०२४ मध्ये मुलासोबत लिहिताना त्यांनी निष्कर्ष बदलला, पण ते थोडके उतारे वेगळा अर्थ सांगतात असा दावा न करता. देवाची दया बायबलभर कशी रुंदावत जाते, त्या एकूण कथेवर त्यांनी भर दिला. उताऱ्यांचा अर्थ आणि त्यांचं आजचं बंधन हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

उत्तर: वसईवाला

तुमच्या वर्गातली दोन कॅथलिक कुटुंबं या चर्चेत अवघडतील, कारण "बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा" हा आमच्याकडे शेवटचा प्रश्न नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्र, परंपरा आणि शिकवण्याचा मंडळीचा अधिकार एकत्र बांधले. त्यामुळे उद्या आर्सेनोकोइतायचा अर्थ वेगळा निघाला तरी कॅथलिक शिकवण लगेच हलत नाही, ती निसर्गनियमाच्या विचारावरही उभी आहे.

कॅटेकिझमचे (कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचे) २३५७ ते २३५९ हे तीन परिच्छेद एकत्र वाचा, सुटे वाचू नका. पहिल्यात समलिंगी कृती मुळातच अव्यवस्थित असल्याचं म्हटलं आहे. दुसऱ्यात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं आणि अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असं आहे. तिसऱ्यात ब्रह्मचर्याचं पाचारण आहे. लोक आपापल्या सोयीचा एकच परिच्छेद पाठवतात.

समलिंगी जोडप्यांच्या आशीर्वादाविषयी १८ डिसेंबर २०२३ च्या रोमच्या (व्हॅटिकनच्या) निवेदनाबद्दलही गैरसमज फार. मार्च २०२१ मध्ये समलिंगी नात्याला आशीर्वाद देता येत नाही असं सांगितलं होतं. २०२३ मध्ये जोडप्याने मागितल्यास धर्मगुरूला साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देता येईल असं सांगितलं. तो विधी नाही, लग्नासारखा दिसता कामा नये, आणि विवाहाची शिकवण तीच. जानेवारी २०२४ च्या खुलाशात तर असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असेल इतकं बारकाईने लिहिलं. त्याच महिन्यात आफ्रिकेच्या बिशपांनी आपल्याकडे हे करणार नाही असं जाहीर केलं.

पाप आणि गुन्हा यांतला फरकही घ्या. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही चर्च समलिंगी लोकांना गुन्हेगार मानत नाही असं सांगितलं होतं. त्या खटल्यात ३७७ टिकावं म्हणून उभ्या राहिलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो गुन्हा संपला. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. कायद्याचे हे टप्पे माहीत नसतील तर वर्गात कुणीतरी "आता परदेशासारखी चर्चमध्ये लग्नं लावावी लागतील" अशी भीती घालतो. तशी सक्ती कुठल्याही निकालात नाही.

सोलापूरकर

मनापासून आभार. पहिलं सत्र वचनवाचक ताईंच्या चार रकान्यांनीच सुरू करतो. दोन शंका राहिल्या. मेथॉडिस्ट मंडळी म्हणतात, "अमेरिकेत आमच्या चर्चने मान्यता दिली." सीएनआयचे म्हणतात, "इंग्लंडच्या चर्चने आशीर्वाद सुरू केले, म्हणजे आपणही." हे खरं का? आणि वर्गात बोलणी कडू होऊ नयेत म्हणून काय करावं?

उत्तर: मूळभाषा

दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत.

अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चच्या नियमावलीत १९७२ पासून समलैंगिकता "ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत" असल्याचं वाक्य होतं. २०१९ च्या खास सभेत समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा देण्यावरची बंदी ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी आणखी कडक झाली, त्यानंतर हजारो मंडळ्या बाहेर पडल्या आणि २०२४ च्या सभेत ते वाक्य आणि दीक्षेवरची बंदी दोन्ही काढली. पण मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे. अमेरिकेतल्या सभेचा ठराव तिला बांधत नाही, ना २०२४ चा, ना २०१९ चा.

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च मिळून झालं. ते अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या चर्चांच्या जागतिक संघात आहे, पण तिथे कुणा एका चर्चचा हुकूम दुसऱ्यावर चालत नाही. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेने (त्या संघातल्या बिशपांच्या परिषदेने) समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत असल्याचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी केला, ४५ तटस्थ. तो ठरावही सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे. शिवाय त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकण्याची बांधिलकी आहे, जी उद्धृत करताना हमखास गळते. इंग्लंडच्या चर्चने १७ डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना वापरायला परवानगी दिली. विवाहाची व्याख्या बदललेली नाही. आपल्याकडे कुणी काही दावा केला तर आपल्याच सिनॉडचा (चर्चच्या सर्वोच्च सभेचा) लेखी ठराव मागा.

उत्तर: नगरकर

कडवटपणाबद्दल.

पहिल्या दिवशी एक गोष्ट गृहीत धरा: पंधरा-सोळा जणांत कुणीतरी समलिंगी आहे, किंवा कुणाचा मुलगा, मुलगी, भाऊ आहे, आणि ते कुणालाच माहीत नाही. "ते लोक" हा शब्दप्रयोग चारही सत्रांत बंद. कुणाला "तुझा अनुभव सांग" म्हणू नका. कुणी आपणहून सांगितलं तर ते त्या खोलीबाहेर जाणार नाही, हे आधीच ठरवून सगळ्यांकडून वदवून घ्या. व्हॉट्सॲप गटात चर्चा पुढे नेऊ नका, स्क्रीनशॉट नातेवाइकांत फिरतो आणि घरं उद्ध्वस्त होतात.

चार-चार जणांचे गट करा, नवरा-बायको आणि बाप-लेक वेगळ्या गटांत. तिसऱ्या सत्रात प्रत्येकाने आपल्या विरुद्ध बाजूचा युक्तिवाद पाच मिनिटं मांडायचा आणि त्या बाजूच्या माणसाने "होय, आमचं म्हणणं हेच" असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. यात वेळ जातो, म्हणून त्या दिवशी उतारा एकच ठेवा, रोम १:१८ ते २:१.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, नावाशिवाय. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन आणि एकसारखे कागद द्या, आणि कोरी का होईना, प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची. नाहीतर कोण लिहीत बसलंय हे सगळे बघत राहतात, आणि ज्याला खरोखर विचारायचंय तोच कागदाला हात लावत नाही.